लग्न झालेलं नाही, एकत्र राहतो, मूलही आहे. मग इन्कम टॅक्सचं रिटर्न कसं भरायचं?

भाटघर (ता. भोर) : आपल्या भागातली बरीच तरुण मंडळी शिरवळ, खेड शिवापूर, नसरापूरकडच्या कंपन्यांत नाहीतर पुण्यात कामाला आहेत. पगार बँकेत येतो, फॉर्म १६ मिळतो आणि जून-जुलै आला की रिटर्नची धावपळ सुरू होते. त्यात काही घरं अशीही आहेत की दोघं एकत्र राहतात, मूल आहे, पण लग्न झालेलं नाही. कुणाचं पहिलं लग्न कोर्टातून सुटलेलं नाही, कुणाच्या घरच्यांचा विरोध आहे, कुणी खर्चापायी लग्न लांबवलं. सेवा केंद्रात रिटर्न भरायला बसल्यावर अशांना प्रश्न पडतात. दोघांचं एकच रिटर्न होतं का? मूल कुणाच्या नावावर दाखवायचं? आणि तिच्या खात्यावर पैसे टाकले तर टॅक्स लागतो का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्यात मात्र लाखाचा फटका बसू शकतो. म्हणून हा लेख शेवटपर्यंत वाचा.

(१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न मात्र १९६१ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे. त्यामुळे खाली दिलेली कलमं जुन्या कायद्यातली आहेत.)

दोघांचं मिळून एक रिटर्न होतं का?

नाही. लग्न झालेल्या नवरा-बायकोचंही होत नाही. आपल्याकडे कर माणशी लागतो. ज्याचं पॅन त्याचं रिटर्न. आयटीआर-१ म्हणजे 'सहज' फॉर्ममध्ये लग्न झालंय की नाही, असा रकानाच नाही. त्यामुळे एकत्र राहतो हे लपवायचं कारण नाही आणि सांगायचीही गरज नाही.

अमेरिकेत नोकरीला गेलेला एखादा नातेवाईक 'आम्ही जॉइंट रिटर्न भरतो' असं सांगतो, त्यावरून गोंधळ होतो. तिथे नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येतं. पण लग्न न केलेल्या जोडप्याला तिथेही ते जमत नाही, आणि एका वर्षी मूल एकाच पालकाच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. तो नियम तिकडचा, आपल्याला लागू नाही.

शेजारच्या गोव्यात थोडं वेगळं आहे. तिथल्या जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. म्हणून आयकराच्या कलम ५ए प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं धरलं जातं. तेही लग्न झालेल्यांनाच. भोर-वेल्ह्यात असं काही नाही.

उदाहरण घेऊ. समजा त्याचा वर्षाचा पगार ७ लाख २० हजार आहे आणि ती शिलाईकामातून १ लाख ८० हजार मिळवते. नव्या कर पद्धतीत त्याला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. राहिले ६ लाख ४५ हजार. ४ लाखांपर्यंत कर नाही, वरच्या २ लाख ४५ हजारांवर ५ टक्क्यांनी १२,२५० रुपये होतात. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट आहे, म्हणून कर शून्य. तिचं उत्पन्न ४ लाखांच्या आत आहे, तिला एरवी रिटर्न भरायचीही गरज नाही. दोघांची बेरीज ९ लाख होते म्हणून काही बिघडत नाही, कारण बेरीज होतच नाही.

आमचं लग्न झालंय, नोंद नाही. मग आम्ही 'लग्न न केलेले' का?

नाही. हा फरक नीट समजून घ्या. विधी करून, रीतीप्रमाणे लग्न लागलं असेल आणि फक्त ग्रामपंचायतीत नोंद राहिली असेल, तर तुम्ही कायद्याने नवरा-बायकोच आहात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ प्रमाणे नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. पुरावा म्हणून दाखला लागतो, तेव्हा गावातल्या विवाह निबंधकाकडे, म्हणजे ग्रामसेवकाकडे नोंद करून घ्या. लग्नपत्रिका, फोटो, वयाचे पुरावे आणि तीन साक्षीदार तयार ठेवा.

याच्या उलट, विधी न करता नुसता दाखला काढला तर तो उपयोगाचा नाही. हिंदू विवाहात विधी झालेच पाहिजेत, नुसत्या नोंदीने लग्न होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. विधी नको असतील तर विशेष विवाह कायदा १९५४ आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न होतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहायची, नोटरी करायची आणि दुसरा संसार थाटायचा. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि ती कोर्टात सिद्ध झाली तर मान्यही होते. पण एरवी नुसत्या स्टॅम्पपेपरने घटस्फोट होत नाही. पहिलं लग्न कायम राहतं आणि दुसरं कायद्याने रद्दबातल धरलं जातं. मग घरात बायको म्हणून राहणारी बाई आयकराच्या हिशेबात 'पत्नी' ठरत नाही. अशा घरांनाही पुढचे सगळे नियम लागू होतात.

मूल कुणाच्या रिटर्नमध्ये?

आपल्या रिटर्नमध्ये मूल 'दाखवायचं' नसतं. प्रश्न येतो तो दोन ठिकाणी. मुलावर केलेल्या खर्चाची सूट कुणी घ्यायची, आणि मुलाच्या नावावरच्या पैशाचं व्याज कुणाच्या उत्पन्नात धरायचं.

आधी सूट. शाळेची ट्यूशन फी, मुलाच्या नावची विमा पॉलिसी, सुकन्या समृद्धी खातं हे सगळं कलम ८०सी मध्ये बसतं, एकूण दीड लाखापर्यंत. इथे अट 'स्वतःचं मूल' ही आहे, आई-बापाचं लग्न झालेलं असावं ही नाही. त्यामुळे आईही घेऊ शकते आणि बापही. मात्र ज्याने जेवढे भरले तेवढेच त्याने दाखवायचे. फी ३६ हजार असेल, त्याने २० हजार आणि तिने १६ हजार भरले असतील, तर तसंच दोघांच्या रिटर्नमध्ये यायला हवं. एकच पावती दोघांनी पूर्ण दाखवली तर ती खोटी मागणी ठरते आणि दंड लागतो. फीची सूट दोन मुलांपर्यंत आहे. बसभाडं, देणगी, इमारत निधी यात येत नाही.

आरोग्य विम्याचं कलम ८०डी वेगळं आहे. त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील एवढेच येतात. मुलाचा हप्ता चालतो, जोडीदाराचा चालत नाही. पॉलिसी एकत्र असेल तर जोडीदाराच्या हप्त्याचा भाग बाजूला काढावा लागतो. जोडीदाराच्या नावच्या आयुर्विम्याच्या हप्त्यालाही ८०सी ची सूट मिळत नाही. घराचं कर्ज मात्र दोघांच्या नावावर असेल, घरही दोघांच्या नावावर असेल आणि हप्ता दोघं भरत असतील, तर आपापल्या हिश्श्यापुरती सूट दोघांना घेता येते. त्याला लग्नाची अट नाही.

एक लक्षात ठेवा, या सगळ्या सवलती जुन्या कर पद्धतीतल्या आहेत. नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर तसाही कर येत नाही. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांना फीच्या पावत्यांसाठी भांडायचं कारणच उरत नाही.

मुलाच्या नावावर एफडी असेल तर?

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज आई किंवा बापाच्या उत्पन्नात मिळवतात. हे कलम ६४(१ए). आई-बापाचं लग्न टिकून असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात. लग्न टिकून नसेल तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ ज्याने केला, त्याच्यात. लग्न न झालेल्या आई-बापाने हा दुसरा नियम धरून चालावं. दोघं एकाच घरात राहत असाल तर खर्च मुख्यतः कोण करतं हे आधी ठरवा आणि दरवर्षी त्याच पालकाच्या रिटर्नमध्ये व्याज दाखवा. एका वर्षी आई, दुसऱ्या वर्षी बाप, असं फिरवू नका. बँकेत ठेव करतानाही त्याच पालकाचं पॅन द्या, म्हणजे टीडीएस कापला गेला तरी हिशेब जुळतो.

जुन्या पद्धतीत अशा व्याजावर एका मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या पद्धतीत ती नाही. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलेवर मिळवलेलं उत्पन्न आई-बापात मिळवत नाहीत. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाचं व्याजही मिळवत नाहीत. सुकन्या खात्याच्या व्याजाला तर करच नाही.

खरा धोका : जोडीदाराला दिलेले पैसे

इथे फटका बसतो. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम दिली तरी बायकोला त्या रकमेवर कर लागत नाही, कारण पती-पत्नी कायद्याच्या 'नातेवाईक' यादीत आहेत. लग्न न झालेला जोडीदार या यादीत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने लग्नासारखं नातं मानलं आहे. आयकर कायद्याने ते मानलेलं नाही.

म्हणून नियम असा. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांची बेरीज ५० हजारांच्या वर गेली, की सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. ५० हजारांवरचीच नाही, सगळीच. हे कलम ५६. घर, जमीन, सोनं फुकट दिलं तरी हेच.

आकड्यात बघा. समजा त्याला जमिनीचे पैसे आले आणि त्यातले १५ लाख त्याने तिच्या खात्यावर टाकले, तिच्या नावाने गुंठा घ्यायला. तिची शिलाईची कमाई १ लाख ८० हजार. तिचं उत्पन्न झालं १६ लाख ८० हजार. नव्या पद्धतीत ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ वर ४० हजार, १२ ते १६ वर ६० हजार आणि वरच्या ८० हजारांवर १६ हजार. एकूण १ लाख ३६ हजार, वर ४ टक्के सेस. भरायचे १ लाख ४१ हजार ४४० रुपये. हेच दोघं नवरा-बायको असते तर त्या १५ लाखांवर तिला एक रुपयाही लागला नसता.

रक्कम ६ लाख असती तर उत्पन्न ७ लाख ८० हजार झालं असतं आणि सूट धरून कर शून्य आला असता. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं म्हणून रिटर्न भरणं मात्र तिला भागच होतं. बायकांच्या खात्यावर पैसे येतात, रिटर्न कुणी भरत नाही आणि दोन-तीन वर्षांनी नोटीस येते, ती यामुळेच. सेव्हिंग खात्यात वर्षाला १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक आयकर खात्याला कळवते. ३० लाख आणि त्यावरच्या खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून जाते. 'कोण बघतंय' हा जमाना गेला.

घरखर्चाचं काय? किराणा, शाळेची फी, दवाखाना ज्याने त्याने थेट दुकानात, शाळेत, दवाखान्यात भरावं. मग ती जोडीदाराला दिलेली भेट ठरत नाही.

मग पैसे द्यायचेच असतील तर?

मार्ग आहेत, सगळे कायदेशीर.

पहिला, मुलाला द्या. बापाने किंवा आईने स्वतःच्या मुलाला दिलेल्या रकमेवर कर नाही, कारण मूल 'नातेवाईक' आहे. जन्मदाखल्यावर देणाऱ्याचं नाव असलं म्हणजे झालं. त्या रकमेचं व्याज वर सांगितल्याप्रमाणे पालकाच्या उत्पन्नात येईल.

दुसरा, मिळकत घेताना ज्याचा जेवढा पैसा तेवढा त्याचा हिस्सा खरेदीखतात लिहा.

तिसरा, उसने द्यायचे असतील तर खरोखर उसने द्या. बँकेतून द्या, साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि परतफेडही बँकेतूनच होऊ द्या. २० हजार किंवा त्यावरचं उसनं रोखीने घेता येत नाही. दोघांचंही उत्पन्न निव्वळ शेतीचं असेल तर या रोखीच्या नियमातून सुटका आहे, पण बँकेचा कागद केव्हाही बरा.

चौथा, मृत्युपत्र करा. मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीवर घेणाऱ्याला आयकर नाही, मग ती नातेवाईक असो वा नसो. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र होतं. आणि ते लागतंच, कारण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात लग्न न झालेल्या जोडीदाराला काहीच मिळत नाही.

पाचवा, अडचण नसेल तर आधी लग्न करा, मग पैसे द्या. तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे. लग्नाआधी दिलेले पैसे नंतर लग्न केल्याने सुटत नाहीत. लग्नानंतर बायकोला दिलेल्या पैशावर मिळणारं व्याज मात्र नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात, हेही ध्यानात ठेवा.

बक्षीसपत्राचा खर्चही वेगळा पडतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक कर वेगळा). जोडीदार या यादीत नाही, त्याला खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क लागतं.

आधी मुलाचे कागद

वरच्या सगळ्याचा पाया मुलाचा जन्मदाखला आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करा आणि दवाखान्यात माहिती भरतानाच दोघांची नावं बरोबर द्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळेपासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

बाप सोबत नसेल किंवा नाव द्यायला तयार नसेल तरी मुलाचं अडत नाही. अविवाहित आईला मुलाच्या बापाचं नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०१५ मध्ये सांगितलं आहे. ५ डिसेंबर २०१८ पासून एकट्या आईच्या मुलाचं पॅन केवळ आईच्या नावावर निघतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर राज्यात आईचं नाव लावणं बंधनकारकच आहे. लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक १९५६ च्या कायद्याप्रमाणे आधी आईच असते, नंतर बाप.

वारशाचं थोडं गुंतागुंतीचं आहे. रद्दबातल लग्नातल्या मुलांनाही आई-बापाच्या हिश्श्यात हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२३ ला दिला. वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालंच असावं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, असंही जून २०२२ च्या निकालात आहे. पण ते सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते. लग्न मुळीच नसेल तर कायदा मुलाला आईचा वारस मानतो, बापाच्या बाबतीत वाद होतो. म्हणून बापाने मृत्युपत्रात मुलाचं नाव लिहून ठेवावं. सातबाऱ्यावरून उद्या भाऊबंदकी नको.

रिटर्न भरलं की योजना बंद होतात का?

ही भीती खूप आहे. पीएम-किसानमध्ये मागच्या वर्षी आयकर भरलेलं कुटुंब अपात्र ठरतं. लाडकी बहीण योजनेत कुटुंबातला कुणी आयकरदाता असेल तर अडचण येते, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. पण रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं. शून्य कराचं रिटर्न भरलं म्हणजे कर भरला असं होत नाही. रिटर्नची पोचपावती जपून ठेवा, चौकशी झाली तर दाखवता येते.

थोडक्यात, रिटर्नआधी हे करा

- दोघांचं पॅन आणि आधार जोडलेलं आहे का बघा. पोर्टलवर दोघांचं वार्षिक माहिती पत्रक स्वतंत्र उघडून तपासा.
- वर्षभरात जोडीदाराकडून खात्यावर आलेल्या रकमेची बेरीज करा. ५० हजारांवर असेल तर रिटर्नमध्ये दाखवा.
- फीच्या पावत्या कुणी किती भरल्या त्याप्रमाणे वेगळ्या करा.
- मुलाच्या ठेवीचं व्याज एकाच पालकात, दरवर्षी त्याच.
- शेतीचं उत्पन्न ज्याच्या नावावर जमीन त्याचं. ते करमुक्त असलं तरी ५ हजारांवर असेल तर आयटीआर-१ चालत नाही.
- पगारदारांसाठी मुदत साधारण ३१ जुलै असते, पोर्टलवर खात्री करा. उशीर झाला तर ५ हजार रुपये विलंब शुल्क, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार.
- मागच्या वर्षी चुकलं असेल तर अद्ययावत रिटर्न जादा कर देऊन चार वर्षांपर्यंत भरता येतं. नोटीस यायच्या आत भरलेलं स्वस्त पडतं.

पोर्टलबाबत अडचण आली तर आयकर खात्याचा मोफत क्रमांक १८०० १०३ ००२५ आहे. मृत्युपत्र, जन्मनोंद किंवा जुन्या सोडचिठ्ठीबाबत वकिलाचा सल्ला हवा असेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मोठी रक्कम जोडीदाराच्या खात्यावर टाकायची असेल, तर टाकण्याआधी एकदा सीएला विचारा. पैसे एकदा खात्यावर गेले की नंतर विचारून फारसा उपयोग होत नाही.